लॉनला सेंद्रिय म्हणून शेणखत घातलं, आता पिवळे डाग पडलेत. परत युरिया सुरू करू का?

युरिया सुरू करू नका. आधी एक करा. पिवळ्या डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून वर ओढा. सतरंजी उचलावी तसं अलगद हातात आलं, तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंग्याची अळी आहे. आणि ती बहुतेक कच्च्या शेणखतामुळे आली आहे.

एवढं ठामपणे लिहितेय कारण आमच्या सोसायटीत हेच झालं आणि त्याचं खापर आजही माझ्यावर फुटतं.

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याला. मधोमध दोन-अडीच हजार चौरस फुटांचं लॉन होतं, सिलेक्शन नंबर वन जातीच्या गवताचं. महिन्याला युरिया, रोज पाणी, आठवड्याला अगदी जमिनीलगत कापणी. दिसायला हिरवं, पण एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं की करपायचं. २०२१ च्या मे महिन्यात मीच मीटिंगमध्ये विषय काढला, की युरिया बंद करू, शेणखत घालू. सगळे हो म्हणाले. कमिटीतल्या एका गृहस्थांनी ओळखीच्या गोठ्यातून ट्रॉलीभर शेणखत मागवलं.

ट्रॉली रिकामी होत होती तेव्हा मी तिथेच उभी होते. ढिगातून वाफ निघत होती. शेणाचे गोळे तसेच, त्यातली कडब्याची काडीन् काडी ओळखू येत होती. माळीकाकांनी ढिगात हात घातला आणि लगेच मागे घेतला. म्हणाले, "ताई, हे गरम हाय अजून. सहा महिने तरी खड्ड्यात कुजू द्या." कमिटीला पावसाच्या आत काम उरकायचं होतं. मी तेव्हा अडून बसायला हवं होतं. बसले नाही, ते अजून सलतं.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर रोज तिन्हीसांजेला कंपाउंडलगतच्या कडुनिंबावर तपकिरी भुंगे घोंगावायला लागले. ऊस लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो तुम्हाला पुढची गोष्ट सांगेल. भुंगे रात्री कडुनिंब, बाभळीचा पाला खातात आणि मादी ओल्या मातीत अंडी घालते. अर्धवट कुजलेलं शेण म्हणजे त्या अळ्यांना आयतं पाळणाघर. कधीकधी तर उकिरड्यातूनच अळ्या सोबत येतात. ऑगस्टमध्ये डाग दिसले, साळुंक्या आणि कावळे लॉन टोकरायला लागले. मी खुरप्याने फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा केला. खाली पांढऱ्या, जाडजूड, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. अकरा मोजल्या. गवताला मुळं म्हणून उरलीच नव्हती.

मीटिंगमध्ये काय ऐकलं असेल? "सेंद्रिय म्हणजे किडे." दिवाळीनंतर लॉन उकरून तिथे प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेवून दाखवावं कोणीही.

माझा तळमजला आहे, मागे ३०० चौरस फूट जागा. तेच गवत, तीच माती मी तिथे लावली. गवताचं वेड म्हणून नाही, खरं सांगायचं तर सेंद्रिय म्हणजे किडे नव्हेत हे सिद्ध करायला. पाचवं वर्ष आहे, युरियाचा दाणा पडलेला नाही.

करते काय, तर खत चाळून घेते. कुजलेलं शेणखत हाताला गार लागतं, काळपट भुसभुशीत असतं, शेणाचा नाही तर मातीचा वास येतो. ते नाही मिळालं तर गांडूळखत. निम्मं खत, निम्मी जाडी वाळू, १०० चौरस फुटांना चार-पाच घमेली, वर्षातून दोनदा. पसरून झाडूने आत झाडायचं, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. मे अखेरीस निंबोळी पेंड. कापताना गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग काढायचा, कापलेलं तिथेच पडू द्यायचं, त्यातला नत्र मातीत परत जातो. पाणी रोज शिंपडायचं नाही. दोन-तीन दिवसांआड पण भरपूर, सकाळी. म्हणजे मुळं खाली जातात.

हुमणी निघालीच तर मेटारायझियम ही बुरशी कुजलेल्या खतात मिसळून ओल्या मातीवर संध्याकाळी टाका. उन्हात टाकली तर वाया. अळी लहान असतानाच, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, तिचा उपयोग. पुढच्या जूनला भुंगे दिसले की दिव्याखाली रॉकेल टाकलेल्या पाण्याचं घमेलं ठेवा. एका चौरस फुटात एक-दोन अळ्या निघाल्या तर घाबरू नका, गवत तेवढं सोसतं.

गवत ओढून निघालं नाही तर कारण वेगळं. डाग मध्ये जळका आणि भोवती गर्द हिरवं कडं असेल तर कुत्र्याची लघवी. त्यातही युरियाच असतो. जास्त झाला की काय होतं ते तिथे दिसतं. सगळंच फिकट पडलं असेल तर बोअरचं जड पाणी असू शकतं.

एक राहिलं, माझ्याकडे सहा तास ऊन येतं आणि खाली मुरूम आहे, पाणी साचत नाही. तुमची काळी चिकट माती असेल, किंवा आंब्याखाली लॉन हवं असेल, तर यातलं निम्मंच लागू पडेल. जीवामृतावर, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या द्रावणावर, मी मुद्दाम लिहिलं नाही. मी ते वापरत नाही.

आणि आमच्या कमिटीतलं कोणी वाचत असेल तर माळीकाका तेव्हाच बरोबर होते. खत कच्चं होतं. मागचं दार उघडं असतं, खुरपं मी देईन, हवा तो चौकोन उलटून बघा.