लढले वडील, मग अभ्यासाला आईची आणि माझी माहिती कशाला हवी?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: वडील सैन्यातून निवृत्त झाले आहेत, माजी सैनिकांच्या आरोग्यावरील एका अभ्यासात सहभागी होण्याची विनंती त्यांना आली आहे, आणि त्याच अभ्यासाने तुमच्यासाठी व तुमच्या आईसाठीही वेगळ्या प्रश्नावल्या पाठवल्या आहेत. युद्धावर गेले ते, तर मग आमची झोप, आमची चिंता आणि आमचे आजार यांची विचारपूस कशासाठी? मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आणि या विषयावरचे संशोधन बराच काळ वाचत आले आहे. माझे मत स्पष्ट आहे: तुम्ही दोघींनी उत्तरे दिली नाहीत, तर वडिलांच्या प्रकृतीविषयी जे हाती लागेल तेही अपुरेच असेल.

हा विचार नवा नाही. दुसऱ्या महायुद्धामुळे ताटातूट झालेल्या, अमेरिकेतील आयोवा राज्यातील १३५ कुटुंबांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दुराव्याबरोबर पुनर्भेटीलाही संकटच मानले होते. घरचा माणूस सुखरूप परतला म्हणजे काळजी मिटली, अशी आपली सहज समजूत असते. परंतु तो नसताना घराने आपली कामे, आपले निर्णय आणि आपली शिस्त नव्याने बसवून घेतलेली असते. परतलेल्या माणसाला त्यात पुन्हा जागा करून द्यावी लागते, आणि तो स्वतःही गेला तसाच परतलेला नसतो.

यावर सर्वांत ठळक प्रकाश टाकणारा अभ्यास मला २००७ मधला वाटतो. इराकमधून परतलेल्या ८८,२३५ अमेरिकी सैनिकांची मानसिक आरोग्याची चाचणी परतल्यावर लगेच घेतली गेली आणि काही महिन्यांनी पुन्हा घेतली गेली. दुसऱ्या वेळी त्रास सांगणाऱ्यांची संख्या लक्षणीयरीत्या वाढलेली होती, आणि आपले जवळच्यांशी खटके उडत आहेत, अशी काळजी व्यक्त करणाऱ्यांचे प्रमाण तर सुमारे चौपट झाले होते. म्हणजे छावणीतून बाहेर पडताना जो प्रश्न कागदावर दिसलाच नाही, तो घरी राहू लागल्यावर उघड झाला. तो सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आला असेल, याचे उत्तर तुमच्या आईला विचारा. त्याआधी, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स होग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे आढळले होते की, ज्यांच्या उत्तरांवरून मानसिक विकार असावा असे दिसत होते, त्यांपैकी केवळ २३ ते ४० टक्के अमेरिकी सैनिकांनीच उपचारासाठी मदत घेतली होती. सहकारी काय म्हणतील, वरिष्ठांचा विश्वास उडेल का, ही भीती आड येत होती. माणूस स्वतः गप्प राहतो, तेव्हा त्याच्यासोबत राहणाऱ्यांना विचारणे यात चोंबडेपणा नाही, ती अभ्यासाची गरज आहे.

तथापि, तुम्हा दोघींना केवळ वडिलांविषयीच्या साक्षीदार म्हणून विचारले जात असेल, असे समजू नका. तुमचे आरोग्य हा स्वतंत्र विषय आहे. २०१० मध्ये अमेरिकी लष्करातील अडीच लाखांहून अधिक सैनिकांच्या पत्नींच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ज्यांचे पती मोहिमेवर गेले होते त्यांच्यात नैराश्य, निद्राविकार आणि चिंताविकार यांचे निदान अधिक आढळले, आणि तैनाती जितकी लांबली तितके हे प्रमाण वाढत गेले. मुलांविषयी त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासात, पालकाच्या तैनातीचा कालावधी आणि घरी राहिलेल्या पालकाचे मानसिक आरोग्य या दोन्हींचा मुलांच्या अडचणींशी संबंध दिसला. या दुसऱ्या मुद्द्याकडे मी नेहमी लक्ष वेधते, कारण तैनातीचा काळ कमी करणे कुटुंबाच्या हाती नसते, पण घर सांभाळणाऱ्या आईला वेळेवर आधार देणे शक्य असते आणि तो आधार मुलांपर्यंतही पोहोचू शकतो.

आकडे वाचताना मात्र सावध राहावे लागते. चित्रपट पाहून असे वाटू लागते की, युद्धावरून आलेला प्रत्येक जण आतून मोडलेला असतो. किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये सुमारे दहा हजार ब्रिटिश सैनिकांच्या पाहणीत पीटीएसडीचे (भीषण अनुभवानंतर मनात रेंगाळणाऱ्या आघाताच्या विकाराचे) संभाव्य प्रमाण ४ टक्के नोंदवले, तर घातक मद्यपानाचे १३ टक्के आणि नैराश्य, चिंता यांसारख्या सामान्य मानसिक विकारांचे १९.७ टक्के. ज्या विकाराची चर्चा सर्वाधिक होते त्यापेक्षा दारू आणि साधे वाटणारे नैराश्य अधिक घरांना पोखरते, हे यातून दिसते, आणि तेथेही बहुसंख्य सैनिक ठीकच असतात. याच्या उलट एक फसगत आहे: सैन्यात भरती होतानाच निरोगी माणसे निवडली जातात, त्यामुळे सर्वसामान्य लोकांशी तुलना केल्यास सैनिकी सेवेचे दुष्परिणाम आहेत त्यापेक्षा सौम्य दिसू शकतात. म्हणूनच एकाच व्यक्तीला अनेक वर्षे पुनःपुन्हा विचारणारे अभ्यास मोलाचे ठरतात. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेल्या अशा एका मोठ्या अभ्यासाला २०११ पासून सैनिकांच्या जोडीदारांचा अभ्यास जोडण्यात आला. कॅनडात २०१० पासून सैनिक, माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे या तिघांच्या आरोग्यासाठी विद्यापीठांना एकत्र आणणारी राष्ट्रीय संस्था काम करते.

याचा प्रत्यक्ष उपयोग होतो का? होतो. मानसशास्त्रज्ञ कँडिस मॉन्सन यांनी पीटीएसडीच्या एकट्या रुग्णावर उपचार करण्याऐवजी जोडप्याला एकत्र बसवून उपचार करण्याची पद्धत विकसित केली आणि ४० जोडप्यांवरील तिची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील रुग्ण सगळे सैनिक नव्हते, पण उपचारानंतर त्यांची लक्षणे कमी झाली आणि नात्यातील समाधानही वाढले. संख्या लहान आहे, हे मान्य. तरीही, जोडीदाराला उपचाराच्या खोलीबाहेर ताटकळत ठेवण्याचे कारण उरत नाही, एवढे तरी ती चाचणी सांगते. अविवाहित सैनिकांचे आईवडील, महिला सैनिकांचे पती आणि तुमच्यासारखी प्रौढ झालेली मुले यांच्याकडे मात्र संशोधनाने पत्नी आणि लहान मुलांच्या तुलनेत फारच कमी लक्ष दिले आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. तुमची उत्तरे सैन्याकडे किंवा निवृत्तिवेतनाच्या कार्यालयाकडे जाणार का, नावे कोठे आणि किती काळ ठेवली जातील, मध्येच माघार घेता येईल का, आणि प्रश्नांमुळे कोणाला जुना त्रास पुन्हा जाणवू लागला तर बोलायला कोण उपलब्ध असेल, यांची उत्तरे प्रामाणिक संशोधक न कुरकुरता देतात. तिघांची संमती वेगवेगळी असली पाहिजे. वडिलांनी होकार दिला म्हणून आईचा होकार गृहीत धरता येत नाही, आणि वडिलांनी नकार दिला तरी तुम्हाला भाग घेता येईल का, हेही विचारा. प्रश्नावल्या भरायला बसाल तेव्हा तिघांनी वेगवेगळ्या वेळी बसा आणि एकमेकांची उत्तरे वाचू नका. आईला वडिलांच्या देखत लिहावे लागले, तर ती बहुधा सारे ठीक आहे असेच लिहील.