मॉरिशसला गाडी भाड्याने घेऊन स्वतः फिरावं का?

तुम्ही विचारलंय : नोव्हेंबरात सहा दिवस, नवरा-बायको आणि दहा वर्षांची मुलगी, टूरची व्हॅन घ्यावी की स्वतः गाडी चालवावी? गाडी घ्या. आम्ही पहिले दोन दिवस व्हॅनने फिरलो आणि उरलेले चार दिवस स्वतःच्या हातात स्टिअरिंग घेतलं. ते पहिले दोन दिवस वाया गेले याची मला अजून हळहळ वाटते.

चालवणं आपल्याला अवघड नाही. तिथेही वाहतूक डाव्या बाजूने, स्टिअरिंग उजवीकडे, अंतरं किलोमीटरमध्ये. अख्खं बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५. पण नकाशा बघून 'दिवसात चक्कर होईल' असं ठरवू नका. किनाऱ्याचा रस्ता गावागावांतून, वळणावळणाने जातो, आणि नोव्हेंबरात ऊसतोड चालू असते, त्यामुळे उसाने भरलेल्या ट्रकमागे बराच वेळ सरपटावं लागतं. घाई करून ओव्हरटेक करू नका, शेतांमधले रस्ते अरुंद आहेत आणि ऊस उभा असला की वळणापलीकडचं काही दिसत नाही. गोल चौकात आधीपासून आत असलेल्या गाडीला पहिला मान. तिथे तो खरोखर पाळला जातो. महामार्गावर वेग टिपणारे कॅमेरे आहेत.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांच्या रिमसकट, तिथेच व्हिडिओ काढा. आम्ही काढला नव्हता. परत देताना डाव्या दारावरचा एक जुना ओरखडा आमच्या नावावर लागला आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडकवतात, तेव्हा कार्डाची मर्यादा आधी बघून ठेवा. आपलं लायसन्स चालेल का, इंटरनॅशनल परमिट लागेल का, हे बुकिंग करतानाच त्या कंपनीकडून लेखी घ्या.

आता कुठे जायचं ते. बहुतेक लोक उत्तरेला ग्रां बेच्या बाजूला राहतात आणि एक दिवस 'साउथ टूर' करतात. मी उलटं सांगेन : निदान तीन रात्री नैर्ऋत्येला, ल मोर्न किंवा रिव्हिएर न्वारच्या आसपास राहा. या बेटाचा जन्म ज्वालामुखीतून झाला, आणि ते जिथे डोळ्यांना दिसतं ती बहुतेक ठिकाणं दक्षिणेत आणि मधल्या पठारावर आहेत.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण झोतातून तो वर आला, असं भूवैज्ञानिक मानतात, त्याच झोताने पुढे लक्षद्वीप-मालदीवच्या खालची डोंगररांग घडवली, मग सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. वरचं कवच सरकत गेलं, झोत खालीच राहिला. आज तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ अजूनही लाव्हा ओकतो. म्हणजे मॉरिशसचा दगड आपल्या दगडाचा धाकटा भाऊ. हे मला जाण्याआधी ठाऊक असतं तर व्हॅनमध्ये बसून मॉल बघितले नसते.

पहिला दिवस दक्षिण किनाऱ्यावरच्या सुयाकचा ठेवा. गावाबाहेर उसातून जाणाऱ्या खडबडीत वाटेने रोचेस्टर धबधब्यापर्यंत जाता येतं. उंचीला फार नाही, पण पाणी पडतं तो कडा बघा : उभे, एकाला एक चिकटलेले दगडी खांब. लाव्हा निवताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि असे खांब तयार होतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल मुलीने पाहिला असेल तर ती लगेच ओळखेल. तिथून जवळच ग्री-ग्री. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, म्हणून किनाऱ्यालगतचं पाणी तळ्यासारखं शांत असतं. ग्री-ग्रीला ती भिंत तुटलेली आहे, त्यामुळे समुद्र थेट काळ्या कड्यांवर आदळतो. तिथे पाण्यात उतरू नका, मुलीला कड्याच्या टोकापासून लांब धरा. मग पश्चिमेकडे बे द्यु कापवरून समुद्राला खेटून रस्ता जातो. वाटेत माकोंद नावाच्या खडकापाशी तो एक तीव्र वळण घेतो, तिथून खालचा निळा पट्टा दिसतो. सबंध बेटावरचा माझा सर्वात आवडता रस्ता हाच.

दुसऱ्या दिवशी काझ न्वायालहून शामारेलचा घाट चढा. वळणं आपल्या घाटांइतकीच कडक आहेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये राहा. वर ती प्रसिद्ध सात रंगांची माती. लोक दहा मिनिटांत फोटो काढून निघतात. थोडं थांबा. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, झिजून झिजून त्यातलं बाकी सारं पावसाने वाहून गेलं, लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगं उरली, त्यांच्या कमी-जास्त प्रमाणातून लाल, तपकिरी, जांभळट छटा आल्या. कोकणातला जांभा याच रीतीने तयार होतो. सकाळी लवकर, तिरप्या उन्हात रंग जास्त उठून दिसतात आणि बसेसही आलेल्या नसतात.

शामारेलहून प्लेन शांपाञ्ञच्या रस्त्याने पठारावर गेलात की हवा एकदम बदलते. खाली लख्ख ऊन असताना वर धुकं आणि पाऊस असू शकतो. गाडीत स्वेटर आणि छत्री ठेवा, हेडलाइट लावा. वाटेत ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या दरीचा कठडा लागतो, पुढे गंगा तलाव. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं ते पाणी, शेजारी १०८ फुटी मंगल महादेव. महाशिवरात्रीच्या सुमाराला लाखो लोक कावडी घेऊन तिकडे चालत जातात, तेव्हा गाडीने त्या बाजूला फिरकू नये. नोव्हेंबरात तुम्हाला शांतता मिळेल. परतताना क्युरपीपला त्रू ओ सेर, गावाच्या मधोमध झाडांनी भरलेलं विवर. कडेने गोल रस्ता आहे, गाडी लावून चालत एक फेरी मारा.

उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील, पायऱ्या पाडल्यासारखे रचलेले. ते नुसतं पाहून पुढे जाऊ नका. जमीन लागवडीला आणण्यासाठी हे दगड माणसांनी हातांनी वेचले. आधी गुलामांनी, आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर आणलेल्या मजुरांनी. त्यांच्यात रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसंही होती. त्यांचे वंशज आज घरात क्रेओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात, गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि गणपतीसमोर आपल्या जाखडीसारखी झाकडी नाचतात. पश्चिमेच्या एका गावात देवळावर देवनागरी पाटी दिसली म्हणून मी गाडी थांबवली. ओट्यावरच्या आजींनी मराठीत विचारलं, "तुमचा गाव कंचा?" मी चिपळूण म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. व्हॅन तिथे थांबली नसती.

राजधानी पोर्ट लुईला मात्र गाडी त्रासाची आहे. बंदराजवळच्या कोदाँच्या बाजूला पार्किंगमध्ये लावा आणि चालत आप्रवासी घाटावर जा. बोटीतून उतरलेले मजूर ज्या दगडी पायऱ्या चढून बेटावर आले, त्या सोळा पायऱ्या तिथे आहेत. सुट्टीचा दिवस आणि वेळा आधी बघून जा. बाहेर पडलात की रस्त्यावरची ढोल पुरी खा. आत वाटलेली डाळ, जोडीने देतात, सोबत घेवड्याची रस्सेदार भाजी. मुलीसाठी तिखट कमी घालायला सांगा, तिथली मिरची आपल्यालाही झोंबते.

अंधार साडेसहा-सातच्या सुमारास पडतो. पठारावरून त्याआधी खाली उतरा.