समुद्राचं पाणी आणि शिंपल्यांतलं विष : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बचतगटाने खाडीत तराफ्याला दोऱ्या सोडून शिनाणे लावले आहेत. दर आठवड्याला बादलीभर पाणी आणतो आणि मोजणीच्या काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघतो. विषारी शैवाल एकदाही दिसलं नाही. एवढं पुरे आहे का? (मढ)

उत्तर : पुरे नाही. तुमच्या काचपट्टीत मावतं 1 मिली पाणी. त्यात एक पेशी दिसली, तरी हिशेब होतो लिटरला 1000 पेशी. स्कॉटलंडमध्ये शिंपल्यांच्या शेतीजवळ जुलाबाचं विष करणारं डायनोफायसिस लिटरला 100 पेशींवर गेलं की सावध होतात. लकव्याचं विष, म्हणजे सॅक्सिटॉक्सिन, करणाऱ्या अलेक्झांड्रियमसाठी तर 40 पेशी पुरतात. ‘काही दिसलं नाही’ याचा अर्थ तुमच्या पट्टीवर एवढाच, की लिटरला काही शे पेशी असतील किंवा नसतील, सांगता येत नाही.

आधी बादली सोडा. डायनोफायसिस कित्येकदा पाण्यात मध्येच पातळ थर करून राहतं आणि वरून भरलेल्या बादलीत येतच नाही. 15 मिमी आतल्या व्यासाची 5 मीटर पारदर्शक नळी घ्या. खालच्या टोकाला वजन आणि दोरी बांधा. वरचं टोक उघडं ठेवून नळी सावकाश सोडा. घाईने सोडली तर आत पाणी सगळ्या खोलीचं सारखं भरत नाही. पूर्ण उतरली की वर बूच लावा आणि दोरीने खालचं टोक ओढून घ्या. साधारण 880 मिली पाणी मिळेल. ते स्वच्छ बादलीत हलकेच ढवळून 250 मिली बाटलीत भरा. दर वेळी भरतीची तीच वेळ पकडा. ओहोटीला खाडीच्या आतलं पाणी येतं आणि मागच्या आठवड्याशी तुलना फसते.

बाटलीत लगेच लुगोल आयोडीन, म्हणजे पेशी टिकवणारं आयोडीनचं द्रावण, घाला, पाण्याला फिक्या चहाचा रंग येईपर्यंत. 1 ते 2 मिली पुरतं. जास्त पडलं तर पेशी इतक्या काळ्या होतात, की ओळखच पटत नाही. बाटली अंधारात ठेवा, रंग उडाला तर थेंबभर आणखी घाला.

मोजणीसाठी 50 मिलीचं निवळणीचं नळकांडं आणि उलटा, म्हणजे खालून भिंग असलेला, सूक्ष्मदर्शक हवा. बाटली हळुवार उलटसुलट करून नळकांडं भरा, 24 तास हलवू नका, मग तळ पूर्ण मोजा. आता एक पेशी म्हणजे लिटरला 20. इथे मुंबईत एक चूक नेहमी होते : फ्रीजमधून काढलेली बाटली तशीच नळकांड्यात ओततात, किंवा नळकांडं एसीच्या झोतात ठेवतात. पाणी आतल्या आत फिरतं, पेशी एका कडेला गोळा होतात. दोन्ही आधी खोलीच्या तापमानाला आणा. 20 मायक्रॉनची जाळी ओढून घेतलेला नमुना कोण आहे हे बघायला छान, पण किती पाणी गाळलं हे नक्की कळत नसल्याने मोजणीला चालत नाही.

आणि हे सगळं इशाऱ्यापुरतंच. विक्रीचा निर्णय मांसाच्या तपासणीवर घ्या : सॅक्सिटॉक्सिनची मर्यादा किलोला 800 मायक्रोग्रॅम आहे. शैवाल ओसरल्यावरही शिनाण्यांत विष काही आठवडे राहू शकतं.

प्रश्न : पाण्यात टांगायची राळेची पिशवी ऐकली. तिने नळीचं काम वाचेल का? (ऐरोली)

उत्तर : नाही वाचणार, पण आठवडाभराची जमा नोंद मिळेल. बारीक नायलॉन जाळीत एचपी20 राळ, म्हणजे पाण्यातलं विष धरून ठेवणारे बारीक कृत्रिम मणी, शिवून, मिथेनॉलमध्ये भिजवून, पाण्याने धुऊन टांगतात. टांगण्याआधी ती कोरडी पडली तर काम बिघडतं. ओकॅडाइक आम्ल, म्हणजे डायनोफायसिसचं जुलाबाचं विष, ती चांगलं धरते, सॅक्सिटॉक्सिन कमी. पिशवीतल्या आकड्यावरून मांसातलं विष काढू नका. तो कल सांगतो, प्रमाण नाही.

प्रश्न : जुहूला रात्री लाटा निळ्या चमकतात, तेव्हा तिसऱ्या खाव्यात का? (विलेपार्ले)

उत्तर : ती चमक बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशी जिवाची. ते ही विषं करत नाही. मात्र फार माजलं तर अमोनिया वाढतो, ऑक्सिजन घटतो आणि मासे मरतात. उलट, विषारी शैवाल असलेलं पाणी अगदी नेहमीसारखं दिसू शकतं. रंग किंवा चमक बघून ठरवू नका.

प्रश्न : तिसऱ्या कोकम घालून खूप उकळल्या, किंवा रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवल्या, तर? (माहीम)

उत्तर : दोन्हीचा उपयोग नाही. उकळल्याने सॅक्सिटॉक्सिन मोडत नाही, आंबटाने तर ते टिकतं, आणि पाण्यात विरघळत असल्याने थोडं रश्शात उतरतं. रात्रभराच्या पाण्याने वाळू जाते, विष जात नाही. केरळात विझिंजमला 1997 साली शिंपले खाऊन सात माणसं गेली. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत ओठांना, जिभेला मुंग्या आल्या तर थांबू नका. यावर उतारा नाही, पण श्वासाला यंत्राचा आधार वेळेत मिळाला तर माणूस वाचतो. काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा, आणि उरलेल्या तिसऱ्या फेकू नका. पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, तपासणीला त्याच लागतील.