फॉर्म खरा भरू द्या, पण तो वाचणार कोण ते आधी विचारा

प्रश्न: माझी मुलगी एस.वाय.बी.ए.ला आहे. शाळेत असताना गच्चीवरून पडून मणक्याला इजा झाली, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. बसून गोळाफेक करते. निवडीआधी कॉलेजने सगळ्या खेळाडूंकडून मानसिक आरोग्याचा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. हिला 13 गुण आले. सर म्हणाले, "डिप्रेशन दिसतंय, यंदा राहू दे." मी फार विनवल्यावर पुन्हा भरायला दिलाय. सगळीकडे शून्य लिही म्हणून सांगू का? पुढे सरकारी नोकरीत हे आडवं येईल का? फॉर्मचा फोटो पाठवते आहे. रात्री कूस बदलायला आणि कॅथेटरसाठी (लघवीच्या नळीसाठी) तिला उठावं लागतं. मैदानावर तिला वापरता येईल असं बाथरूम नाही, म्हणून सरावाच्या दिवशी ती जेवत नाही.
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, शून्य लिहायला सांगू नका. फोटो नीट पाहिला. हा 'पीएचक्यू-9' नावाचा फॉर्म आहे. गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं एवढंच तो विचारतो, एकूण गुण 27. दहा किंवा त्याहून जास्त आले की जाणकाराने समोर बसवून बोलावं, इतकाच त्याचा अर्थ. डिप्रेशन आहे की नाही हे त्या बोलण्यातून ठरतं, बेरजेवरून नाही.

आता तिचे 13 आले कुठून ते बघा. झोप 3, थकवा 3, भूक 2, हालचाल मंदावली 2. हेच दहा झाले! मणक्याला इजा झालेल्या माणसाची झोप कशाने मोडते ते तुम्हीच लिहिलंय. झोप मोडली की थकवा आलाच. भुकेचे दोन गुण तर बाथरूमचे आहेत. ते उतरवायला गोळी नको, रॅम्प आणि रुंद दार हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त कॉलेजचा परिसर आणि सोयी दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता येतील अशा असायलाच हव्यात. हा फॉर्म धडधाकट खेळाडूला आणि हिला एकाच मापाने मोजतो. त्यामुळे गुण वाचणाऱ्याला तिचं अपंगत्व माहीत नसेल तर त्या बेरजेला फारसा अर्थ उरत नाही.

पण म्हणून सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. उरलेले तीन गुण मला जास्त महत्त्वाचे वाटतात. उदास वाटतं, 1. स्वतःबद्दल वाईट वाटतं, घरच्यांची निराशा केली असं वाटतं, 2. आणि नववा प्रश्न, जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा, तिने कोराच सोडलाय. शून्यही लिहिलेलं नाही. सरांनी 13 पाहिले, पण ही कोरी जागा त्यांच्या नजरेतून सुटली असावी. नजरचुकीने राहिलं असेल किंवा नसेलही. आज रात्री तुम्ही तिला सरळ विचारा, "जगू नये असं कधी मनात येतं का गं?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, उलट बोलायला वाट मिळते. ती हो म्हणाली तर निवड-बिवड बाजूला ठेवा, तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालतो, मोफत आहे, मराठीत बोलतात.

तुमच्याच जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्यात गोळी राहिली आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्ण मिळवलं. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण असे दाखले उठसूट पोरींच्या तोंडावर फेकले की "मला आज बरं वाटत नाही" म्हणायचीही चोरी होते. तिला असं कोण कोण ऐकवतं, एकदा बघा.

फॉर्म पुन्हा भरण्याआधी कॉलेजला लेखी विचारा: हा वाचणार कोण, ठेवणार कुठे, गुण जास्त आले तर पुढे काय? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेची जबाबदारी उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर आहे. जिमखान्याच्या कपाटातल्या फाइलला ते कुलूप आपोआप लागत नाही. म्हणून फॉर्म क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसमोर किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात भरलेला बरा. तिथे अपंगत्वाची सगळी हकीकत आधी सांगा. खरं तर निवडीच्या तोंडावर असे फॉर्म भरून घेऊच नयेत. डावावर जागा असताना खरं कोण लिहील? हंगाम सुरू होण्याआधी घ्यावेत, आणि दुखापत झाली की पुन्हा.

नोकरीचं म्हणाल तर काळजी सोडा. सरकारी नोकरीतलं दिव्यांगांचं 4 टक्के आरक्षण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळतं. कॉलेजच्या या फॉर्मचा त्याच्याशी संबंध नाही, यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरही हे गुण चढत नाहीत. उद्या डॉक्टरांनी औषध दिलंच तर ती खेळाडू आहे हे त्यांना सांगा. डिप्रेशनसाठी सर्रास दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाहीत, तरी प्रत्येक चिठ्ठी यादीशी ताडून घ्यायची सवय तिला आतापासून लागू दे.

राहिला सरांचा "यंदा राहू दे". नुसत्या 13 गुणांवर नाव कापणं मला अजिबात पटत नाही. कारण लेखी मागा, प्राचार्यांना भेटा, डॉक्टरांचं खेळायला हरकत नसल्याचं पत्र जोडा. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्ज तिच्या नावाने, तिच्या सहीने जाऊ द्या. मुलगी सज्ञान आहे.