पहिल्याच दिवशी एक्सप्लॉइट शोधू नकोस रे

अरे बाबा, क्रोमचे सिक्युरिटी बग शोधून त्यांचा गैरफायदा घेणारा कोड, म्हणजे एक्सप्लॉइट, शिकायचाय ना, मग आधी व्ही८चा (क्रोमचं जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन) अख्खा सोर्स उतरवून बिल्ड लावू नकोस. मी देवगडात भर जुलैत तेच केलेलं, रात्रभर लॅपटॉप तापला आणि पहाटे पावसात लाईट गेली, झालं सगळं परत पहिल्यापासून. तयार डीबगवालं डी८ (व्ही८ ब्राउझरशिवाय चालवायचं छोटं टूल) मिळतं, ते घे आणि ॲलो-नेटिव्ह्ज-सिंटॅक्स फ्लॅग लावून चालव.

मग [१.१, २.२] असा ॲरे करून डीबगप्रिंट कर (ॲरे आतून कसा ठेवलाय ते छापणारी कमांड, त्या फ्लॅगमुळेच चालते), नंतर पहिल्या जागी एक रिकामा ऑब्जेक्ट टाक आणि परत बघ. मॅप (आत कसला माल आहे ते सांगणारं लेबल) बदललेला दिसेल, कारण आधी आत नुसते आकडे होते, आता पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, आहेत. जेआयटी (चालता चालता कोड वेगवान करून देणारा व्ही८चा कंपायलर) म्हणजे घाईतला व्यापारी, पेटीवर हापूस लिहिलंय ना, मग उघडायची कशाला. आतला माल बदलला आणि त्याला कळलंच नाही की पॉइंटरच आकडा म्हणून वाचतो, हीच टाइप कन्फ्युजन. हे डोळ्याने दिसेपर्यंत पुढे जाऊच नको.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- दुसऱ्याचा एक्सप्लॉइट चिकटवून लेटेस्ट क्रोमवर चालवतात, तो बग कधीच बुजवलेला असतो
- क्रोम ज्यात लिहिलंय ते सी++ कच्चं ठेवतात. क्रोमियमवाल्यांनीच २०२० साली सांगितलंय, त्यांचे गंभीर सिक्युरिटी बग साधारण ७०% मेमरी चुकीची हाताळल्याचेच
- पहिल्या आठवड्यात फझर (वेडंवाकडं इनपुट देत बग शोधणारं टूल) लावतात, क्रॅश येतो, वाचता येत नाही

जुना, बुजवलेला एकच बग घे, त्याचा पॅच आणि टेस्ट वाच. सँडबॉक्सचं (बिघडलेल्या कोडला कोंडून ठेवणारं कुंपण) नंतर बघू. आणि प्रयोग फक्त स्वतःच्या मशीनवर हां. अडलास तर डीबगप्रिंटचं आउटपुट टाक इथे.