मधल्या गोलात प्रश्न लिही

बाळ,

तुझ्या तेलघाण्याच्या नव्या धंद्याचा माइंड मॅप मिळाला, म्हणजे मध्ये विषय आणि भोवती मुद्द्यांच्या फांद्या असा विचारांचा नकाशा. सहा रंग, वळणदार फांद्या, मधोमध लाकडी घाण्याचं सुबक चित्र. आणि खाली तुझी ओळ, 'काका, सगळं मांडलं तरी सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.' कळणार नाहीच. मधल्या गोलात तू चित्र काढलंयस, प्रश्न लिहिलेला नाहीस.

टोनी बुझान या ब्रिटिश लेखकांनी 1974 साली बीबीसीवरच्या मालिकेतून ही पद्धत लोकांपर्यंत नेली. मध्यभागी चित्र, निदान तीन रंग, एका फांदीवर एकच शब्द, हे नियम त्यांचेच. पण त्यांना ध्यास होता स्मरणशक्तीचा. परीक्षेच्या आदल्या रात्री एका शब्दावरून अख्खा धडा आठवतो, तिथे तो शब्द पुरतो. तुझ्या धंद्यात आठवण्यासारखं अजून काही घडलेलंच नाही. नुसत्या 'मार्केटिंग'वरून मी काय समजायचं? डबे कोण घेणार, काय भावाने, रोख की उधारीवर?

चित्र खोड. तिथे लिही, 'महिन्याला किती लिटर तेल विकलं तर बँकेचा हप्ता सुटेल?' आता बघ काय काय निघतं ते. शेंगदाण्याच्या लिटरभर तेलाला अडीच ते तीन किलो दाणे लागतात. म्हणजे दर लिटरमागे दीड-दोन किलो पेंड उरते. तुझ्या अख्ख्या नकाशात पेंड कुठेच नाही! अगं, पेंडेचे पैसे धरल्याशिवाय तेलाचा भाव ठरवणार कशी? ती कोणते गोठेवाले उचलणार, आठवड्यातून कितीदा? पावसाळ्यात ती दमट राहिली की बुरशी धरते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष, आणि ते जनावराच्या पोटातून दुधात उतरतं. म्हणजे साठवणही आली. हप्त्याचा प्रश्न मध्ये असता तर पेंड पहिल्या तासातच कागदावर आली असती. म्हणून सांगतो, प्रश्न लिही.

दुसरी अडचण नकाशाच्या घडणीतच आहे. त्यात प्रत्येक फांदीला एकच आई असते. 'शेंगदाणा खरेदी' तू कच्च्या मालाखाली ठेवलीस. पण खरिपाचा माल ऑक्टोबरच्या सुमारास बाजार समितीत यायला लागतो, आणि आवक असताना पोती भरून ठेवायची तर पैसा महिनोन्महिने अडकतो. मग ती खेळत्या भांडवलाचीही फांदी झाली ना? दोन्हींमध्ये ठिपक्यांची रेघ ओढ. मला तुझ्या फांद्यांपेक्षा या रेघा बघायच्या आहेत. संगणकावरच्या एक्समाइंड या नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्येही त्या ओढता येतात, पण पहिला नकाशा कागदावरच कर. खाडाखोड दिसू दे.

आणि कामांचा क्रम नकाशात शोधू नकोस, तो तिथे नसतो. थ्री-फेज जोडणी, घाण्याचं कोटेशन, कर्जमंजुरी, अन्नपरवाना, यांत कशावाचून काय अडतं ते वेगळ्या कागदावर मांड. ड्युपाँट या अमेरिकी कंपनीत 1950च्या दशकात क्रिटिकल पाथची पद्धत बसवली ती याच कामासाठी. अनुदान मिळेल असं धरून हप्ता काढू नकोस. मिळालं तर मिळालं.

तू म्हणशील, काका एकच पालुपद लावून बसलेत. नोकरीतही हेच म्हणायचे. मीटिंगमध्ये फळ्यावर प्रकल्पाचं नाव लिहिलं गेलं की मी विचारायचो, 'याचा प्रश्न काय?' साहेब वैतागायचे, क्लायंटसमोर शोभत नाही म्हणायचे. आडमुठा म्हणून नाव झालं, आणि बढतीच्या वेळी ते बरोबर आठवायचं त्यांना. त्याची सल आहे, खोटं कशाला बोलू? पण ज्या रंगीत नकाशांवर टाळ्या पडल्या त्यांतले बरेचसे पुढे कपाटात गेले, हेही मी बघितलंय. आता या वयात सौम्य व्हायचं म्हटलं तरी जमत नाही, आणि तुझ्या बाबतीत तर मुळीच व्हायचं नाही. कर्ज तुझ्या नावावर निघणार आहे, शिवाय आईचं घर तारण.

नवा कागद पाठव. रंग नकोत. मध्ये प्रश्न, त्यात आकडा मागितलेला हवा. 'धंदा कसा वाढवावा' असलं काही लिहिलंस तर न वाचता परत पाठवेन. पेंडेचा भाव मला विचारू नकोस, दोन-तीन गोठ्यांवर स्वतः जाऊन ये. धारा काढून झाल्यावर जा, त्याआधी कोणी तुझ्याशी बोलणार नाही.

— काका