आधी प्रत ओळख, मग मत दे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

घरी पाहण्यासाठी निघालेल्या सिनेमांवर आणि मालिकांवर तू लिहिलेले सगळे लेख वाचले. तुझी भाषा वाहती आहे आणि पाहण्याची भूक दांडगी आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. एका जुन्या सिनेमातले चेहरे मेणाचे वाटतात, छायाचित्रण निर्जीव आहे, असं तू म्हटलं आहेस. हा ठपका तू भलत्याच माणसावर ठेवला आहेस.

फिल्मवर टिपलेल्या चित्रात बारीक कण असतात, त्यालाच ग्रेन म्हणतात. डिस्क तयार करताना कुणाला तरी वाटतं, की आजच्या प्रेक्षकाला चित्र गुळगुळीत हवं. मग सॉफ्टवेअर लावून कण पुसले जातात. पण कण कुठला आणि त्वचेवरचं रंध्र कुठलं, हे त्या सॉफ्टवेअरला नीट कळत नाही. कणांबरोबर सुरकुत्या जातात, दाढीचे खुंट जातात, कापडाची वीणही जाते. ‘प्रिडेटर’ या सिनेमाची 2010 सालची ब्लू-रे डिस्क याच कारणासाठी बदनाम झाली. असं चित्र दिसलं की नटाचं कपाळ आणि सदऱ्याची बाही, दोन्ही जवळून बघ. दोन्ही सारखीच गुळगुळीत असतील, तर दोष बहुतेक प्रत काढणाऱ्याचा असतो.

मला तुला सांगायचं आहे ते एवढंच, की आपण घरी जे पाहतो ती कुणीतरी तयार केलेली एक प्रत असते. मत देण्याआधी ती प्रत ओळखली पाहिजे. कुठल्या सालची, किती लांबीची, कुठल्या चौकटीतली (म्हणजे चित्राची रुंदी-उंची कुठल्या प्रमाणात आहे), हे लेखात लिहिलंच पाहिजे. ‘ब्लेड रनर’ 1982 साली आला, 1992 साली त्याची वेगळी आवृत्ती आली आणि 2007 साली आणखी एक. पहिल्या आवृत्तीतलं निवेदन 1992च्या आवृत्तीत काढलेलं आहे, शेवटही बदललेला आहे. यातली कुठली पाहिली हे न सांगता त्याच्या शेवटावर वाद घालणं व्यर्थ आहे.

चौकटीचंही तसंच. ‘द वायर’ ही मालिका 4:3, म्हणजे जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौरस चौकटीसाठी चित्रित झाली होती. 2014 साली ती रुंद चौकटीत आली, तेव्हा काही दृश्यांना रुंदी मानवली आणि काहींचा नेमकेपणा गेला, असं तिचे निर्माते डेव्हिड सायमन यांनी स्वतःच लिहिलं. एखाद्या दृश्यात माणसं उगाच लांब लांब उभी वाटली, तर दिग्दर्शकाला बोल लावण्याआधी मूळ चौकट कोणती होती ते शोध. वेगाकडेही लक्ष दे. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीसाठी काढलेल्या डीव्हीडीवर तो बहुधा 25 चित्रांनी पळतो, त्यामुळे 100 मिनिटांचा सिनेमा 96 मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो.

आणि प्रतीमागे कष्ट असतील, तर त्यांचीही दखल घे. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळली. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये त्यातले वाचवता येण्याजोगे तुकडे हाताने दुरुस्त झाले आणि उरलेला भाग इतर प्रतींवरून घेतला गेला. क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने 2015 साली ते सिनेमे डिस्कवर आणले. त्यातल्या ‘पथेर पांचाली’त दोन दृश्यांच्या चित्राचा पोत वेगळा दिसला, तर वाचकाला त्याचं कारण सांग. त्यापायी गुण कापू नकोस.

मालिकांवर तू फारच घाईने लिहितोस. दर आठवड्याला एक भाग, अशा बेताने लिहिलेली मालिका तू एका बैठकीत संपवतोस आणि मग ती तेच तेच सांगते म्हणून चिडतोस. मागच्या भागाची आठवण करून देणारे संवाद आठवडाभर वाट पाहणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. दिवसाला एखाद-दुसरा भाग बघ, त्याच संवादांचं काम तुझ्या लक्षात येईल. संगीताबद्दलही जपून लिही. एका रेडिओ स्टेशनवर घडणाऱ्या ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’चा पहिला सीझन 2007 साली डीव्हीडीवर आला, तेव्हा हक्कांच्या खर्चामुळे बरीच मूळ गाणी बदललेली होती. त्यातलं एखादं गाणं प्रसंगाला शोभत नसेल, तर ते मूळचंच आहे का, हे आधी तपासायला हवं.

गुण देताना सिनेमाचे वेगळे आणि डिस्कचे वेगळे दे; सरासरी काढू नकोस. डिस्कवर सिनेमासोबत दिलेलं दिग्दर्शकाचं भाष्य (कॉमेंटरी) सिनेमा संपल्यावर ऐक, तुझं मत कागदावर उतरल्यानंतर. तो माणूस गोड बोलतो आणि आपण नकळत त्याच्या बाजूने झुकतो.

भयपट, माहितीपट आणि मुलांचा ॲनिमेशनपट एकाच लेखात आले म्हणून तिघांना एकच फूटपट्टी लावू नकोस. भयपटात पात्रं उथळ असली तरी कधी कधी चालून जातं. माहितीपटात मात्र एक लपवलेली गोष्टही चालत नाही.

ज्या मालिकेला तू पहिल्या तीन भागांवरून निकालात काढलंस, तिचा पहिला सीझन तरी पूर्ण बघ आणि लेख नव्याने लिही. लिहिणाऱ्यांना सूर कुठल्या भागात सापडला, आणि सापडलाच नसेल तर गाडी नेमकी कुठल्या प्रसंगात अडली, ते त्यात लिही. झाला की मला पाठव.

कळावे, लोभ असावा.